छोट्या टीव्हीवर कन्सोल जोडताना: रिझोल्यूशन, केबल आणि सेटिंग्ज कशी ठरवावीत

३२ इंची टीव्ही आपल्याकडच्या कितीतरी घरांत अजूनही रोज चालू आहे, आणि घरात नवा कन्सोल आला की तो त्यालाच जोडला जातो. मग सल्ल्यांचा मारा सुरू होतो: आधी ४के टीव्ही घे, केबल एचडीएमआय २.१चीच घे, गोल्ड प्लेटेड नसेल तर घेऊच नको. असा बराचसा खर्च या टीव्हीवर वाया जातो. छोट्या टीव्हीवरचं चित्र बहुतेकदा बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने. कन्सोलमधून निघून पॅनेलवर, म्हणजे टीव्हीच्या प्रत्यक्ष पडद्यावर, पोचेपर्यंत ते दोन-तीनदा लहान-मोठं केलं जातं आणि दर वेळी त्याची थोडी धार जाते. खालची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे की चित्र कमीत कमी वेळा ताणलं किंवा आवळलं जावं. त्याला पैसे लागत नाहीत, अर्धा-पाऊण तास लागतो.

पायरी १: पॅनेल नक्की कितीचं आहे ते शोधा

खोक्यावर ‘एचडी रेडी’ लिहिलं असेल तर ३२ इंची टीव्हीचं पॅनेल जवळजवळ नेहमी १३६६ × ७६८ ठिपक्यांचं असतं. ‘फुल एचडी’ असेल तर १९२० × १०८०. खोका केव्हाच रद्दीत गेला असेल तर टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर त्याचं पान उघडा आणि ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ची ओळ बघा.

हे कन्सोलला विचारून कळत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. केबल जोडली की टीव्ही कन्सोलला एक यादी पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात. आपण कोणकोणते सिग्नल घेऊ शकतो ते तीत लिहिलेलं असतं. पडद्यावर प्रत्यक्ष किती ठिपके आहेत याच्याशी कन्सोलला कर्तव्य नसतं. आजचे एचडी रेडी टीव्ही १०८०पी, म्हणजे १०८० ओळींचा, सिग्नल आनंदाने घेतात आणि आतल्या आत आवळून ७६८ ओळींत बसवतात. म्हणून पीएस४च्या (प्लेस्टेशन ४) माहितीच्या पानावर १०८०पी दिसतं आणि आपण समजतो की टीव्ही फुल एचडी आहे. दुकानदार ‘१०८०पी सपोर्ट आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, अर्धंच सांगत असतो.

जुन्या एचडी रेडी टीव्हींपैकी काही मात्र फक्त ७२०पी आणि १०८०आय घेतात. तसा टीव्ही असेल तर विचार न करता ७२०पी ठेवा. १०८०आयमध्ये एका वेळी एक सोडून एक ओळ येते, ती जोडायला टीव्हीला वेळ लागतो, आणि गेममध्ये तो वेळ बटण दाबल्यावर जाणवतो.

पायरी २: तुम्ही किती लांब बसता ते मोजा

नजर ६/६ असलेल्या माणसाला साधारण एका कलेएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, बारकावा वेगळा दिसतो. त्यावरून साधं गणित मांडता येतं. ३२ इंची पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर. ती ७६८ ओळींत वाटली की एक ओळ अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड येते. हे ठिपके सुमारे १.८ मीटरच्या, म्हणजे सहा फुटांच्या पलीकडून सुटे दिसेनासे होतात. त्याच मापाच्या फुल एचडी पडद्यासाठी हे अंतर सव्वा मीटर, जेमतेम चार फूट.

म्हणजे हॉलच्या एका भिंतीला टीव्ही आणि समोरच्या भिंतीला सोफा, मध्ये सात-आठ फूट, अशी मांडणी असेल तर ३२ इंची एचडी रेडी आणि फुल एचडी यांतला फरक तुमच्या डोळ्यांना जवळपास कळणारच नाही. पलंगावर टीव्हीपासून चार-पाच फुटांवर बसून खेळत असाल तर कळेल, आणि सगळ्यात आधी अक्षरांत कळेल. तेव्हा टेप घेऊन अंतर मोजा. नवा टीव्ही घ्यायचा का, हा प्रश्न त्या एका आकड्यावर बराचसा सुटतो.

पायरी ३: रिझोल्यूशन निवडा

टीव्ही फुल एचडी असेल तर काम सोपं आहे. कन्सोल १०८०पीवर ठेवा आणि पुढच्या पायरीवर जा.

एचडी रेडीची गोष्ट अडचणीची आहे, कारण १३६६ × ७६८ हे कुठल्याच सिग्नलशी जुळत नाही. ७२०पी पाठवलं तर टीव्हीला दर १५ ओळींच्या १६ ओळी कराव्या लागतात. १०८०पी पाठवलं तर दर ४५ ओळी ३२ ओळींत कोंबाव्या लागतात. सबटायटलमधल्या इंग्रजी ‘e’ या अक्षराची मधली आडवी रेघ डोळ्यांसमोर आणा. १०८०पीमध्ये ती एक ओळ जाड असेल तर ७६८मध्ये तिच्या वाट्याला ओळीचा जेमतेम पाऊण हिस्सा येतो. टीव्ही ती रेघ शेजारच्या रंगात मिसळून करडी करतो, किंवा स्वस्त टीव्ही असेल तर कधी सरळ गाळून टाकतो. म्हणून काही टीव्हींवर एकाच वाक्यातली काही अक्षरं ठसठशीत आणि काही तुटकी दिसतात.

मग काय ठेवायचं? कन्सोल गेमचं चित्र मुळात किती ओळींचं तयार करतो, म्हणजे कितीवर रंगवतो, त्यावर हे ठरतं.

पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स सिरीज एस: १०८०पी. हे कन्सोल बहुतेक गेम १०८०पी किंवा त्याहून वर रंगवतात. तुम्ही ७२०पी निवडलंत तर कन्सोल आधी चित्र ७२०पर्यंत लहान करतो आणि टीव्ही तेच पुन्हा ७६८पर्यंत मोठं करतो. १०८०पी पाठवलं तर टीव्हीचं एकदाच आवळणं होतं. पीएस४वर हे सेटिंग्ज, साउंड अँड स्क्रीन, व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज इथे सापडतं. पीएस५वर सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट. एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स.

पीएस३: ७२०पी. त्या काळातले बहुतेक गेम मुळातच ७२०पी किंवा त्याच्या आसपास रंगवलेले आहेत. मेनू १०८०पीमध्ये देखणा दिसतो म्हणून मोहात पडू नका. गेम ७२०पीचा असेल तर टीव्हीला १५च्या १६ ओळी करणंच सोपं जातं.

निन्टेंडो स्विच: इथे एकच एक उत्तर नाही. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये, बसवल्यावर काही गेम पूर्ण १०८०पी रंगवतात, काही ७२० आणि १०८०च्या मधे कुठेतरी. आधी १०८०पी ठेवा. तुमच्या नेहमीच्या गेममध्ये कडा खरबरीत वाटल्या तर ७२०पी करून बघा.

शेवटचा निकाल डोळ्यांनीच लावायचा असतो. ज्या गेममध्ये बारीक अक्षरं भरपूर आहेत त्याची सामानाची यादी किंवा सबटायटल उघडा, नेहमीच्या जागी बसा आणि दोन्ही सेटिंग्जमध्ये तेच पान बघा. वर म्हटल्याप्रमाणे काही स्वस्त टीव्हींचं आवळणं इतकं वाईट असतं की दोनदा स्केल, म्हणजे लहान-मोठं, झालेलं ७२०पीसुद्धा जास्त स्वच्छ दिसतं. तसं दिसलं तर खुशाल ७२०पी ठेवा. फक्त हा निर्णय पुढची पायरी करून झाल्यावर घ्या, आधी नाही.

पायरी ४: ओव्हरस्कॅन बंद करा

माझ्या मते सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही हिच्याकडेच होतं. जुन्या काचेच्या टीव्हींच्या कडांवर चित्र नीट येत नसे, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा पडद्याबाहेर ढकलण्याची पद्धत पडली. सपाट टीव्हींना त्याची गरज उरली नाही तरी कितीतरी मॉडेल्समध्ये ते कारखान्यातूनच चालू येतं. फुटबॉलच्या गेममध्ये वरच्या कोपऱ्यातला स्कोअर अर्धा कापला जात असेल किंवा खालच्या कोपऱ्यातला नकाशा पडद्याबाहेर सरकला असेल तर समजा की ओव्हरस्कॅन चालू आहे.

कडा कापल्या जाणं हा त्यातला छोटा तोटा. मोठा तोटा असा की उरलेलं चित्र पूर्ण पडदा भरण्यासाठी ताणलं जातं. फुल एचडी टीव्हीवर १०८०पी सिग्नल आला तर एका ठिपक्याला एक ठिपका बसायला हवा. ओव्हरस्कॅनने पाच टक्के कापले तर १०२६ ओळींच्या १०८० ओळी होतात आणि फुल एचडी पॅनेलचा फायदाच संपतो.

हे सेटिंग दर ब्रँडमध्ये वेगळ्या नावाने दडलेलं असतं. सॅमसंगवर पिक्चर साइझमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सोनीवर डिस्प्ले एरियामध्ये ‘फुल पिक्सेल’. इतरांमध्ये ‘डॉट बाय डॉट’, ‘ओरिजिनल’ किंवा सरळ ‘ओव्हरस्कॅन ऑफ’ शोधा. काही टीव्हींवर हा पर्याय एचडीएमआय इनपुट चालू असतानाच दिसतो, आणि प्रत्येक पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो.

कन्सोलमध्येही पडद्याचा आकार कमी करायची सोय असते. पीएस४, पीएस५ आणि स्विच, तिघांतही ती आहे. आधी टीव्हीतलं ओव्हरस्कॅन बंद करा आणि कन्सोलमधला आकार पूर्ण शंभर टक्के ठेवा. उलट केलंत, म्हणजे टीव्ही फुगवतोय आणि कन्सोल आकसून घेतोय, तर कडा दिसतील, पण चित्र दोनदा स्केल होईल. टीव्हीत पर्यायच नसेल तेव्हाच कन्सोलचा आधार घ्या.

पायरी ५: गेम मोड, आणि बाकीची सजावट बंद

टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर बरीच रंगरंगोटी करतो. साध्या पिक्चर मोडमध्ये त्यासाठी कित्येक टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद घेतात. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे तुम्ही बॅट फिरवली आणि पडद्यावर ती तीन ते सहा फ्रेम उशिरा फिरली. क्रिकेटच्या गेममध्ये टायमिंग सारखं चुकत असेल तर कंट्रोलरला दोष देण्याआधी गेम मोड लावा. तो नसेल तर इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करून बघा, काही टीव्ही त्यानेही बरीच प्रक्रिया वगळतात.

शार्पनेस खाली आणा. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसते तोवर तो जास्तच आहे. काही ब्रँडमध्ये तटस्थ आकडा शून्य असतो, काहींत मधला, म्हणून किनार नाहीशी होईपर्यंत कमी करत जा. नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद.

एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त खुलवून दाखवणारा सिग्नल, त्याबद्दल स्पष्टच सांगतो. स्वस्त ३२ इंची टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर लिहिलं असलं तरी एचडीआर खुलून दिसायला लागतो तेवढा उजेड त्या पॅनेलमध्ये नसतो. तो सिग्नल घेतो, पण चित्र अंधारलेलं आणि उदास दिसतं. कन्सोलमध्ये एचडीआर बंद करा. बहुतेक वेळा चित्र लगेच मोकळं होतं.

काळोख्या जागी सगळं एकच काळं डबकं दिसत असेल, किंवा उलट काळा रंग राखाडी दिसत असेल, तर आरजीबी रेंज तपासा. लिमिटेडमध्ये काळा १६ आणि पांढरा २३५ धरतात, फुलमध्ये ० आणि २५५. कन्सोल आणि टीव्ही दोघांचं एकमत हवं, मग ते कुठलंही असो. टीव्हीसाठी दोन्हीकडे लिमिटेड किंवा ऑटो सुरक्षित. हा दोष बऱ्याचदा केबलच्या माथी मारला जातो.

पायरी ६: गेममध्ये परफॉर्मन्स मोड

पीएस५ आणि एक्सबॉक्सच्या अनेक गेममध्ये रिझोल्यूशन मोड आणि परफॉर्मन्स मोड असे दोन पर्याय असतात. पहिल्यात चित्र ४केच्या जवळ नेतात आणि बऱ्याचदा ३० फ्रेमवर समाधान मानतात, दुसऱ्यात रिझोल्यूशन कमी करून ६० फ्रेम देतात. छोट्या टीव्हीवर पहिल्या पर्यायातले जास्तीचे ठिपके वाटेतच गळतात, ६० फ्रेमची सफाई मात्र कितीही लहान पडद्यावर दिसते आणि हाताला जाणवते. पीएस५वर गेम प्रिसेट्समध्ये हे एकदाच, ती सोय मानणाऱ्या गेमसाठी, ठरवून ठेवता येतं. ३२ इंची टीव्हीवाल्याने इथे दुसरा विचार करू नये.

पायरी ७: केबल

आकडे बघितले की भीती जाते. १०८०पी, ६० हर्ट्झ सिग्नलचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके पाठवण्याचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्झ असतो. एचडीएमआयच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्यामागे ३० बिट धावतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४६ गिगाबिट. ७२०पीला त्याच्या निम्मे. ‘हाय स्पीड’ या दर्जाची साधी केबल १०.२ गिगाबिटसाठी बनवलेली असते. म्हणजे तुमच्या टीव्हीची गरज तिच्या निम्म्याहूनही कमी आहे. ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ गिगाबिटची असते आणि ती ४के ६० हर्ट्झला लागते. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटची, ती ४के १२० हर्ट्झसाठी.

कन्सोलच्या खोक्यात आलेली केबल आधी वापरा. पीएस५सोबत अल्ट्रा हाय स्पीड केबलच येते, तिच्यावर दुसरी घेण्याचं काही कारण नाही. ती हरवली असेल किंवा आखूड पडत असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘हाय स्पीड’ केबल मागा, दीड ते दोन मीटरची. ‘२.१’, ‘८के’, ‘२४ कॅरेट’ अशा छापील अक्षरांवर जाऊ नका. २.१ हा आवृत्तीचा आकडा आहे, केबलचा दर्जा वर सांगितलेल्या नावांनी ठरतो. खरंच अल्ट्रा हाय स्पीड हवी असेल तर खोक्यावर प्रमाणपत्राचं लेबल आणि त्यावर क्यूआर कोड असतो, तो अॅपने तपासता येतो.

महाग केबलने रंग खुलत नाहीत. सिग्नल डिजिटल असल्यामुळे केबल कमकुवत झाली तर पांढऱ्या ठिणग्या चमकतात, चित्र क्षणभर काळं होऊन परत येतं, किंवा ‘नो सिग्नल’ येतं. फिकट रंग, पुसट अक्षरं, उशिरा हलणारी बॅट यांतलं काहीही केबलमुळे होत नाही.

केबलपेक्षा जास्त जपायचा असतो तो पोर्ट. कन्सोलचा एचडीएमआय पोर्ट आतल्या बोर्डावर सोल्डर केलेला असतो आणि तो हलला की दुरुस्ती महागात जाते. भिंतीवरच्या टीव्हीला केबल ताणून लावू नका, थोडी सैल सोडा. टीव्ही भिंतीला अगदी चिकटून असेल तर केबल दुमडण्यापेक्षा काटकोनी अडॅप्टर घ्या. काढताना सरळ ओढा, आणि घरात अर्थिंगची खात्री नसेल तर दोन्हीकडचे स्विच बंद करूनच जोडा.

सेट टॉप बॉक्समुळे पोर्ट कमी पडत असतील तर एचडीएमआय ‘स्विच’ मागा. ‘स्प्लिटर’ नको. स्प्लिटर एका कन्सोलचं चित्र दोन टीव्हींना देतो, तुम्हाला दोन उपकरणं एका टीव्हीला जोडायची आहेत. काउंटरवर दोन्ही एकाच नावाने दिले जातात, म्हणून खोक्यावर किती पोर्ट आत आणि किती बाहेर ते बघून घ्या. १०८०पीपुरता चालणारा स्वस्त स्विच इथे पुरेसा आहे.

टीव्ही ४३ इंची ४के असेल तर

कन्सोल २१६०पीवर, म्हणजे ४केवर, ठेवा आणि टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट पूर्ण क्षमतेवर आणा, कारण काही टीव्हींवर तो कमी क्षमतेवर सेट होऊन येतो. सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीवर ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मध्ये एन्हान्स्ड, एलजीवर ‘डीप कलर’. त्यानंतर ठिणग्या दिसू लागल्या तर इथे मात्र केबल बदलायचीच. ती मिळेपर्यंत पीएस५मधला ४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट कमी करून वेळ निभावते. बसण्याचं अंतर साडेपाच फुटांहून जास्त असेल तर ४३ इंचांवर ४के आणि १०८०पी यांतला फरक अगदी थोडा उरतो, त्यामुळे परफॉर्मन्स मोडचा सल्ला इथेही लागू.

आणि तुम्ही टेबलाशी, तीन-साडेतीन फुटांवर बसून एकटेच खेळत असाल तर नव्या ३२ इंची एचडी रेडी टीव्हीपेक्षा २४ इंची फुल एचडी मॉनिटर घ्या. पॅनेल थेट १०८०पीचं, ओव्हरस्कॅनची कटकट नसते, उशीर कमी. आवाजासाठी पीएस४, पीएस५सारख्या कन्सोलवर हेडफोन कंट्रोलरला जोडता येतो.

पीएस२ आणि तीन रंगांच्या पिना

पीएस२ अजून जपून ठेवला असेल तर पिवळ्या पिनेची कंपोझिट केबल हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, कारण तीत रंग आणि उजेड एकाच तारेत मिसळतात. टीव्हीला हिरवी, निळी, लाल अशी कंपोनंट जोडणी असेल तर ती केबल शोधा, फरक पहिल्याच पडद्यावर कळेल. पण आधी पिवळी पिन लावूनच सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ हा पर्याय ‘वाय’ने सुरू होणाऱ्या नोंदीवर ठेवा, नाहीतर रंग भलतेच येतात. आणि टीव्हीवर आकार ४:३ ठेवा, माणसं जाडी दिसणार नाहीत.

सेटिंग बदललं आणि पडदा काळा झाला

बहुतेक कन्सोल नवं रिझोल्यूशन लावल्यावर काही सेकंद थांबतात आणि तुम्ही होकार दिला नाही तर आपोआप मागे येतात, म्हणून आधी घाबरून काही दाबू नका. तरीही पडदा काळाच राहिला तर पीएस४ किंवा पीएस५ पूर्ण बंद करा आणि पॉवर बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच येते, दुसरी सुमारे सात सेकंदांनी. दुसरी ऐकल्यावर बटण सोडा. सेफ मोड उघडतो, कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा आणि यादीतून रिझोल्यूशन बदलण्याचा पर्याय घ्या. पीएस४वर तो ‘चेंज रिझोल्यूशन’ या नावाने आहे, पीएस५वर ‘चेंज व्हिडिओ आउटपुट’मध्ये. पीएस३वरही कन्सोल बंद असताना पॉवर बटण दुसऱ्या बीपपर्यंत धरलं की व्हिडिओचं सेटिंग मूळपदावर येतं. मग पायरी ३पासून पुन्हा लावा, या वेळी एका वेळी एकच सेटिंग बदलून.